बोडीवरची जीप

एकोणतीस मार्चला पहाटे पाच वाजून पन्नास मिनिटांनी आमची पांढरी जीप कवडीटोल्याच्या बोडीवर उभी होती, आणि वाघीण तिथं नव्हती.

तिकडे लहान तलावाला बोडी म्हणतात. जीप पाळीवर, गावाकडे तोंड करून, दिवे लावून उभी होती. चालक पुरुषोत्तम नेवारे खर्रा चघळत बसले होते. मी शेजारच्या सीटवर मोबाइल हातात धरून होते. वाघिणीच्या गळ्यातला पट्टा दर तीन तासांनी तिचं ठिकाण उपग्रहामार्फत कळवायचा आणि तो निरोप आमच्यापर्यंत यायला पाऊण तास, कधी तास लागायचा. मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त या पाळीवर.

पाचचा निरोप पाच बावन्नला आला. मी आकडे नकाशावर टाकले. चूक झाली असेल म्हणून पुन्हा टाकले.

"कोठं हाय जी?" नेवारेंनी विचारलं.

"बरडीवर."

त्यांनी दार उघडून खर्रा थुंकला. "मोहाच्या बरडीवर?"

"हो."

"आज त बाया तिकडंच गेल्या असन."

बाया तिकडेच गेल्या होत्या. का गेल्या होत्या, हेही मला माहीत होतं.

नेवारेंनी जीप वळवली. बोडीपासून बरडीपर्यंत गाडीवाट साडेचार किलोमीटर. मधे एक कोरडा नाला, त्यात गोटे. दिवसाउजेडी त्या वाटेला वीस मिनिटं लागायची.

ती वाघीण कागदोपत्री चार नंबर होती. त्या जंगलात चौदा वर्षं वाघांचं पिल्लू दिसलं नव्हतं. म्हणून जिथे वाघ फार झाले होते अशा दुसऱ्या जंगलातून दोन माद्या आणून सोडल्या. पहिली, तीन नंबर, पाचव्या महिन्यात रानडुकरांसाठी लावलेल्या विजेच्या तारेला चिकटून मेली. उरली ही. प्रकल्पाचं सगळं भवितव्य एका जनावराच्या पायांवर चालत होतं आणि त्या पायांचा माग ठेवण्यासाठी मला जीवशास्त्र सहायक म्हणून करारावर घेतलं होतं. मी सत्तावीस वर्षांची होते, अमरावतीहून आलेली, आणि हे माझं पहिलं काम होतं. करारात एक कलम ठळक अक्षरांत होतं: पट्ट्यावरून कळलेलं ठिकाण प्रकल्पाबाहेरच्या कुणालाही सांगायचं नाही. सांगितल्यास करार त्याच दिवशी रद्द.

कलम चुकीचं नव्हतं. वाघीण कुठे झोपते हे गावाला कळलं की ते शिकाऱ्यालाही कळतं.

पण कवडीटोल्याच्या बाया मोह वेचायच्या. मोहाची फुलं पहाटे गळतात. फटफटायच्या आत गाठली नाहीत तर हरणं आणि गुरं खाऊन जातात, ऊन चढलं की उरलेली सुकतात. झाडं सरकारी जंगलात, पण कुठलं झाड कुठल्या घराचं हे पिढ्यांपासून ठरलेलं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही, आणि एकटी बाई कधी वेचायला जात नाही. हंगाम महिनाभराचा, आणि त्यावर घराचं अर्धं वर्ष निघतं. उईके घराण्याची झाडं दोन ठिकाणी होती. काही बोडीच्या पलीकडे, सात बरडीवर. आज कुठे जायचं हे त्या घराची थोरली सून ठरवायची. तिचं नाव इमलाबाई.

इमलाबाईंची माझी ओळख मार्चच्या सुरुवातीला झाली. वाघीण जवळपास होती आणि तिच्या पट्ट्याचा सिग्नल पकडायला मी बोडीवर अँटेना घेऊन उभी होते. पाणी भरायला आलेल्या बाया थांबल्या. हा काय प्रकार आहे, असं एकीनं विचारलं. मी पट्ट्याचं सांगितलं, तीन तासांचं सांगितलं.

"लय शिस्तीची हाय तुमची वाघीन," इमलाबाई म्हणाल्या. "आमचे पोट्टे शाळेत हजेरी देत नाही. हे तीन-तीन घंट्यानं देते."

सगळ्या हसल्या. त्यांची धाकटी जाऊ सगुणा हसता हसता डोक्यावरची पाण्याची गुंडी सावरत म्हणाली की मास्तरालेच पट्टा बांधा, तोच येत नाही. मग आणखी हसल्या आणि पुढे गेल्या. इमलाबाई मागे राहिल्या. पंचेचाळिशीच्या असतील. नवरा वारून सहा वर्षं झाली होती. त्यांनी आवाज खाली घेतला.

"ती कोठं हाय ते तुमी सांगत नाही ना?"

"सांगता येत नाही, इमलाबाई. मनाई आहे."

"सांगू नोका. तुमची नोकरी जाईन." त्यांनी जीपकडे बोट केलं. "पन जीप त दिसते. जीप जेथं, तेथं ती. आमी जीप पायतो आन दुसरीकडं जातो. येवढं चालन ना?"

मी अँटेनाची वायर गुंडाळत राहिले.

"चालन मनून समजतो," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव माह्या तोंडून निंगनार नाही."

त्या दिवसापासून मी नेवारेंना जीप झाडीत न लावता मोकळ्यावर लावायला सांगू लागले. पहाटे दिवे चालू ठेवायला सांगू लागले. त्यांनी कधी कारण विचारलं नाही. गावाबाहेर एका मोठ्या दगडाला शेंदूर लावलेला आहे. तिथं उभं राहिलं की बोडीची पाळ आणि बरडीची वाट, दोन्ही दिसतात. इमलाबाई पाच वाजता त्या दगडापाशी येऊन बघायच्या, मग बायांना घेऊन निघायच्या. जीप बोडीवर असली तर बरडी. जीप बरडीच्या वाटेवर असली तर बोडी. वीस-बावीस दिवस हे चाललं. वाघिणीच्या आणि बायांच्या मधे कधी दोन किलोमीटरपेक्षा कमी अंतर राहिलं नाही. मी रोज मोजत होते.

सव्वीस मार्चला उपसंचालक पाठराबे साहेबांनी विश्रामगृहावर बैठक बोलावली. शेजारच्या वनपरिक्षेत्रात एका मेलेल्या वासरावर कुणीतरी विष टाकलं होतं. त्याच्यावर एक बिबट्या आणि तीन गिधाडं मेली होती. साहेब तडतड करणारे नव्हते. शांतपणे, बोटांवर मोजल्यासारखं बोलायचे. ते म्हणाले, मागच्या आठवड्यात बाजाराच्या दिवशी एका पानठेल्यावर दोन अनोळखी माणसं बसली होती, आणि पानवाला त्यांना सांगत होता की वाघीण बघायची तर पांढरी जीप बघा.

"म्हणजे आपणच पाटी लावून फिरतोय," ते म्हणाले.

उपाय सरळ होता. यापुढे वाघिणीचा माग फक्त उपग्रहाच्या निरोपावरून ठेवायचा. जीप तिच्यापासून लांब, रोज एकाच ठिकाणी, बोडीवर उभी करायची. पावणेपाचला पोचायचं. दिवे चालू ठेवायचे. लोकांना जीप दिसली पाहिजे. ज्याला शोधायचं आहे तो बोडीभोवती शोधत बसेल.

बैठक पंचवीस मिनिटं चालली. मला दोन प्रश्न विचारले. एक पट्ट्याच्या बॅटरीबद्दल, एक गावातल्या लोकांबद्दल. मी दोन्हींची उत्तरं दिली आणि चहा पिऊन निघाले.

सत्तावीसला पहाटे जीप बोडीवर उभी राहिली. चार नंबर तेव्हा उत्तरेला, अकरा किलोमीटरवर होती. मी मनाशी म्हटलं, आज तर काही नाही. त्या संध्याकाळी मी कवडीटोल्यात गेले. इमलाबाईंच्या अंगणात मोह वाळत घातला होता, वास सगळ्या गल्लीत सुटला होता. सगुणा काडीनं फुलं परतत होती. तिचा नवरा मनीराम ओट्यावर बसून दोर वळत होता. दोन शेजारणी होत्या, पोलीस पाटलाचा भाऊ होता.

इमलाबाईंनी मला खाट दिली, पाणी दिलं. मनीराम म्हणाला, म्याडम पायीच आल्या, आज जीपले सुट्टी का. सगुणा म्हणाली, जीपले नाही, नेवारेले सुट्टी; तो खर्रा आनाले गेला असन. मीही हसले. इमलाबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मला अंगणाच्या कडेला नेलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांनी नेलं नाही. माझं नाव यात येऊ द्यायचं नाही हा त्यांचा शब्द होता आणि त्या तो पाळत होत्या. मी अर्धा तास बसले. मोहाची चार फुलं खाल्ली. अंधार पडायच्या आत निघाले.

अठ्ठावीसलाही वाघीण उत्तरेलाच होती. रात्री दोनच्या निरोपातही ती वरच होती; त्यानंतर ती खाली उतरली.

नाल्यात जीप एकदा अडकली. नेवारेंनी मागे घेतली, पुन्हा घातली, चाकाखालचे गोटे उडाले आणि आम्ही वर आलो. पूर्वेकडे फटफटत होतं. नाला ओलांडल्यावर त्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो काढला नाही.

हॉर्नच्या आवाजातच ते म्हणाले, "म्याडम, एक विचारू?"

"विचारा."

"बायांना सांगतलं होतं का, जीप आता नुसतीच उभी रायते मनून?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सहा वाजून चौदा मिनिटांनी आम्ही बरडीवर पोचलो. बरडी म्हणजे मुरमाड उंचवटा, गवत गुडघ्याइतकं, त्यात सात मोहाची झाडं लांब लांब उभी. तीन बाया एका खडकावर चढून एकमेकींना धरून बसल्या होत्या. त्यांचा आवाज बसला होता, तोंडं नुसती हलत होती. इमलाबाई मोकळ्यात उभ्या होत्या. एका हातात पाण्याचा पत्र्याचा डबा, दुसऱ्या हातात दगड, आणि त्या दगडानं डबा वाजवत होत्या, एकसारखा, न थांबता. त्यांच्या मागे चौथ्या झाडाखाली सगुणा पडली होती. पुढे वीस पावलांवर चार नंबर गवतात बसली होती. पट्टा स्पष्ट दिसत होता.

ती रागात नव्हती. ती थांबली होती. त्या दोघींमध्ये तो डबा सोडला तर काही नव्हतं.

नेवारेंनी जीप थेट दोघींच्या मधे घातली आणि उभी केली. वाघीण उठली. तिनं जीपकडे पाहिलं, मग जीपच्या खालून दिसणाऱ्या पायांकडे, आणि सावकाश घळीकडे चालत गेली. सहा सोळा. मी तेव्हाही वेळ लिहून घेतली.

सगुणाची मान पाहिल्यावर नाडी बघायची गरज नव्हती. तरी मी पाहिली. तिच्या टोपलीत अर्ध्यापर्यंत फुलं होती, टोपली सरळ उभी होती.

इमलाबाई डबा वाजवायच्या थांबल्या नव्हत्या. नेवारेंनी त्यांचा हात धरून डबा काढून घेतला. मग त्या माझ्याजवळ आल्या.

"म्याडम, तुमी बोडीवर होत्या ना?"

"हो."

"म्या दगडापासून पायलं. दिवे पायले. म्या बायांना मनलं, चला, बरडी मोकळी हाय."

"हो."

"मंग हे दुसरी हाय का? दुसरी वाघीन आनली का तुमी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या खरंच विचारत होत्या. "आनली त सांगाचं होतं जी."

मला हो म्हणता आलं असतं. तेवढ्या वेळात तोही विचार येऊन गेला.

"नाही, इमलाबाई," मी म्हटलं. "तीच आहे."

त्यांनी जीपकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बोडीच्या दिशेला पाहिलं, जिथून आम्ही आलो होतो. सगुणापाशी जाऊन बसल्या आणि तिचं लुगडं पायांवर नीट केलं.

आठ वाजेपर्यंत सगळं गाव बरडीवर होतं. वनरक्षक आले, पोलीस आले. गर्दीतून मनीराम पुढे आला. तो रडत नव्हता. त्यानं खडकावरच्या तिघींना एकच विचारलं: बोडीवर जायचं सोडून बरडीवर कशा आल्या. तिघींनी इमलाबाईंकडे पाहिलं. एक म्हणाली, वहिनीनं मनलं मनून आलो.

मनीराम इमलाबाईंसमोर उभा राहिला. मी सात-आठ पावलांवर होते.

"वयनी, तुले कोनं सांगतलं का बरडी मोकळी हाय?"

इमलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, हे मला कळलं, कारण बाकी सगळे आळीपाळीनं आम्हा वनखात्याच्या माणसांकडेच बघत होते.

"कोनं नाही," त्या म्हणाल्या. "मलेच वाटलं."

"तुले वाटलं."

"हो."

"तुले वाटलं आन माही बायको गेली."

तो वळला आणि वाहून न्यायला बांबू बांधत होते तिकडे गेला. मी तिथे उभी होते. जीप दहा हातांवर होती. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. पोलीस पंचनामा लिहीत होता. त्यानं मला वेळ विचारली, मी वेळ सांगितली.

गावानं त्या दिवशी मागणी केली: वाघीण धरा आणि न्या. दुसऱ्या दिवशी रस्ता अडवला. पाठराबे साहेब तिथं उन्हात चार तास उभे राहिले, शिव्या ऐकल्या, चौकशीचं लेखी आश्वासन दिलं. एक एप्रिलला त्यांनी मला विश्रामगृहावर बोलावलं. टेबलावर सव्वीस तारखेच्या बैठकीचं इतिवृत्त होतं. त्यांनी ते माझ्याकडे फिरवलं आणि एका ओळीवर पेन ठेवलं.

मी ती ओळ वाचली. "ग्रामस्थ वाहनावर लक्ष ठेवतात याचा हेतू काय, असे विचारले असता जीवशास्त्र सहायक यांनी माहीत नसल्याचे सांगितले."

"आपला कारकून इमानदारीनं लिहितो," साहेब म्हणाले. "तू असंच म्हणाली होतीस ना?"

"हो."

"खरंच माहीत नव्हतं?"

बाहेर पंप चालू होता. मी त्याचा आवाज थांबायची वाट बघितली. तो थांबला नाही.

"माहीत होतं, सर. बाया जीप बघून वाट ठरवायच्या. मी त्यांना अडवलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझा करार गेला असता."

ते खुर्चीत मागे टेकले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हे तू बैठकीत बोलली असतीस," ते शेवटी म्हणाले, "तर मी जीप हलवली नसती. हलवली असती तरी गावात दवंडी देऊन हलवली असती."

"हो, सर."

"आता ऐक." त्यांनी खणातून एक फोटो काढला. पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्याचा, दोन दिवसांपूर्वीचा. चार नंबरचं पोट खाली आलं होतं. "व्यायला दोन महिने. कदाचित कमी. विभागानं मुद्दाम फसवी जीप दिवे लावून उभी केली, हे उद्या बाहेर आलं तर गाव हिला ठेवणार नाही. आणि गावाचं चुकलं असं मी म्हणू शकणार नाही. मला हिला धरावं लागेल. धरलेली वाघीण पुन्हा सोडत नाहीत. पिंजऱ्यात व्याली तर तिची पिल्लंही पिंजऱ्यातच. चौदा वर्षांनी पहिली पिल्लं."

"आणि बाहेर आलं नाही तर?"

"तर हा अपघात. वाघीण माणसावर टपून नव्हती, वाकलेल्या बाईवर झडप घातली. नियमानं तिला एक संधी मिळते. सगुणाबाईच्या घरच्यांना मदत कसंही झालं तरी मिळेल, ती मी कुठेही अडू देणार नाही."

"आणि इमलाबाई?"

"त्यांना काय झालं?" साहेबांनी विचारलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

मी सांगितलं. मनीरामनं काय विचारलं, त्यांनी काय उत्तर दिलं. साहेबांनी ते ऐकून घेतलं. मग ते म्हणाले की गाव चार महिन्यांत विसरतं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचा तसा अनुभव असावा.

चौकशी अहवाल तीन पानांचा होता. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की मृत महिला व सोबतच्या महिला वनविभागास सूचना न देता, एका महिलेच्या सांगण्यावरून वनक्षेत्रात गेल्या. खाली पाच सह्या. तिसरी माझी.

बोडीवरची जीप पाच एप्रिलपासून बंद झाली. पहाटे गावात एक वनरक्षक येऊन सांगू लागला की आज अमुक दिशेला जाऊ नका. हे आधीही करता आलं असतं. जूनमध्ये चार नंबरनं चार पिल्लं दिली, त्यातली तीन जगली. तिघांचा फोटो त्या वर्षी राज्यभर छापून आला. माझा करार वाढवून मिळाला. मी घेतला नाही. नागपूरला एका महाविद्यालयात शिकवायला लागले.

इमलाबाईंची बातमी मला नेवारेंकडून कळत राहिली. ते दिवाळीला आणि मोहाच्या हंगामात फोन करायचे. पुढच्या मार्चमध्ये कुठलीही बाई इमलाबाईंबरोबर मोहाला गेली नाही. कुणी भांडलं नाही, कुणी ठराव केला नाही. त्या पहाटे दगडापाशी येऊन थांबल्या, बाया दुसऱ्या गल्लीनं निघून गेल्या. एकटीनं जायचं नसतं. त्यांच्या वाट्याच्या तीन झाडांची फुलं त्या वर्षी हरणांनी खाल्ली. त्याच्या पुढच्या वर्षीही. पाहुणे म्हणून कुणी त्यांच्या घरी जेवायला गेलं नाही. मनीरामच्या पोरीचं लग्न ठरलं तेव्हा हळदीला त्यांना बोलावलं, पण हळद लावायला पुढे बोलावलं नाही. त्या तेवढ्यासाठी नवं लुगडं नेसून गेल्या होत्या, असं नेवारे म्हणाले.

"त्यांनी कधी सांगितलं नाही?" मी एकदा विचारलं. "जीपचं?"

"नाही जी."

"तुम्ही?"

"म्या बी नाही," नेवारे म्हणाले. "माही पेन्शन होती म्याडम. तुमचं काय होतं?"

मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी आठ वर्षांनी तो प्रश्न विचारला होता, म्हणजे आठ वर्षं तो त्यांच्यापाशी होता.

त्या जंगलात मागच्या गणनेत एकोणीस वाघ निघाले. चार नंबर आता नाही, म्हातारी होऊन गेली. पाठराबे साहेब निवृत्त झाले. गेल्या वर्षी मी त्यांना फोन केला आणि काय करणार आहे ते सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. अडवलं नाही. फक्त म्हणाले की इतिवृत्ताची ओळ जशीच्या तशी लिही, तुझ्या शब्दांत लिहू नको.

या जानेवारीत मी कवडीटोल्याच्या ग्रामसभेला पत्र पाठवलं. दीड पान. तारखा, वेळा, जीप कुठे होती, वाघीण कुठे होती, कुणाच्या आदेशानं, आणि मला बैठकीत काय विचारलं व मी काय सांगितलं. इमलाबाईंनी जे पाहिलं ते बरोबर पाहिलं होतं, आणि त्यांना जे दिसावं म्हणून दिवे लावले होते तेच त्यांना दिसलं, हे शेवटच्या परिच्छेदात लिहिलं. प्रत वनविभागाला. दोन्हींची पोच आली.

पत्र सव्वीस जानेवारीच्या सभेत सातव्या क्रमांकाचा विषय म्हणून घेतलं होतं. सहावा विषय सफारीच्या नव्या फाटकाचा होता. फाटक बरडीच्या बाजूनं द्यायचं की बोडीच्या, यावर वाद झाला, माणसं उठून गेली आणि सभा तहकूब झाली. नेवारे निवृत्तीनंतर तिथूनच जवळ राहतात, ते सभेला गेले होते.

इमलाबाई आल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. मागे, दाराजवळ बसल्या होत्या. सातव्या विषयात काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, आणि पत्र सचिवाच्या कपाटात आहे. मनीराम पुढच्या रांगेत होता. तहकूब सभेची तारीख अजून लागलेली नाही.